शस्त्रहतांचे स्मरण : स्मृती, क्रोध आणि न्याय

२६ नोव्हेंबर या तारखेला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात दोन घटना एकत्र आल्या आहेत. १९४९ साली या दिवशी संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकृत केले, आणि २००८ साली याच तारखेच्या रात्री समुद्रमार्गे मुंबईत उतरलेल्या दहा दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताजमहाल आणि ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले आणि कुलाब्यातील नरिमन हाऊस येथे हल्ले चढवले. २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चाललेल्या या हत्याकांडात १६६ माणसांचा बळी गेला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी पुष्पचक्रे वाहिली जातात, मौन पाळले जाते आणि दूरचित्रवाणीवर जुनी चित्रफीत पुन्हा दाखवली जाते. वार्षिक स्मरणाचा हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सहसा विचारला जात नाही. हिंसेने मारल्या गेलेल्यांचे स्मरण करणे हे कर्तव्य आहे काय, असल्यास ते कोणाचे, आणि त्या स्मरणाबरोबर मारणाऱ्याविषयीचा क्रोधही जतन करावा काय, असा तो प्रश्न आहे.

ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यापुढे हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नाही, कारण त्यांच्यासाठी स्मरण ही निवडण्याची गोष्टच नसते. प्रश्न खरा उभा राहतो तो दूर असलेल्यांपुढे. मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या बारामती एमआयडीसीत वाहनांचे कारखाने, दूधप्रक्रिया प्रकल्प आणि टेक्स्टाइल पार्क यांमध्ये तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्या कामगारांपैकी बहुतेकांचे त्या रात्री कोणीही गेले नव्हते. आयटीआयमधून येणाऱ्या शिकाऊ उमेदवारांचा जन्मच मुळी २००८ च्या आसपासचा आहे. त्यांनी त्या घटनेचे स्मरण करावे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हे तपासल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही.

भारतीय तर्कशास्त्राने या बाबतीत एक काटेकोर भेद केला आहे. न्यायमतानुसार ज्ञानाचे दोन प्रकार आहेत : अनुभव आणि स्मृती. अनुभवाने मनावर जो ठसा उमटतो त्याला संस्कार म्हणतात, आणि केवळ त्या संस्कारातून जे ज्ञान पुन्हा उद्भवते ती स्मृती होय. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठ्यग्रंथात हा विचार थोडक्यात मांडला आहे. यावरून असे निष्पन्न होते की ज्याला अनुभव नाही त्याला स्मृतीही असू शकत नाही. नंतर जन्मलेल्या पिढीजवळ त्या रात्रीविषयी जे आहे ते शब्दज्ञान आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून मिळालेले ज्ञान. शब्दज्ञान प्रमाण ठरण्यासाठी नैयायिकांनी मुख्य अट घातली आहे : सांगणारा आप्त असला पाहिजे, आणि आप्त म्हणजे जसे घडले तसे सांगणारा. सार्वजनिक स्मरणाची सारी नैतिकता या एका अटीवर उभी आहे, कारण समाज आपल्या पुढच्या पिढीला स्मृती देऊ शकत नाही, तो केवळ साक्ष देऊ शकतो.

या हल्ल्याच्या बाबतीत अशी आप्त माणसे महाराष्ट्राला लाभली, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या हाती कोणतेही शस्त्र नव्हते. रेल्वे स्थानकातील उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या कक्षातून सूचना देत राहून उपनगरी गाड्यांच्या प्रवाशांना सुरक्षित बाहेर काढले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील वीस गरोदर स्त्रियांना आडोशाच्या खोलीत हलवून त्यांचे प्राण वाचवले, पुढे तुरुंगात जाऊन जिवंत पकडलेल्या एकमेव मारेकऱ्याची ओळख पटवली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपले निवेदन केले. रेल्वे स्थानकात पायाला गोळी लागलेल्या एका लहान मुलीने विशेष न्यायालयात कुबड्यांच्या आधाराने येऊन साक्ष दिली. न्यायालयातल्या साक्षीदाराला शपथ असते, उलटतपासणी असते, आणि जे पाहिले त्यापलीकडे एक शब्दही बोलण्याची मुभा नसते. स्मृतीला सत्याचे सर्वांत कडक बंधन घालणारे मानवी स्थान बहुधा हेच असावे. याच्या उलट टोकाला त्या साठ तासांचे थेट प्रक्षेपण होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्यावर कठोर ताशेरे ओढले, कारण सुरक्षा दलांच्या हालचाली पडद्यावर दिसत राहिल्याने जवानांचे आणि ओलिसांचे जीव अधिक धोक्यात आले होते. वर्षश्राद्धासारखी दरवर्षी परतणारी तीच दृश्ये स्फोटांचे आवाज पुन्हा ऐकवतात, पण जसे घडले तसे सांगण्याचे काम ती करतीलच असे नाही.

क्रोधाचा प्रश्न येथून सुरू होतो. हल्ल्याची आठवण ताजी राहायची तर संतापही ताजा राहिला पाहिजे, संताप ओसरला की समाज विसरतो, असे सर्रास मानले जाते. या समजुतीत काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण अन्यायाची चीड न येणाऱ्या समाजात न्यायाची मागणीही उठत नाही. तथापि भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनाच्या अधःपाताची जी साखळी सांगितली आहे तिच्यात क्रोध आणि स्मृती यांचे नाते नेमके उलटे मांडलेले आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह म्हणजे सारासार न कळण्याची अवस्था, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धीचा नाश असा तो क्रम आहे. गीतेतील स्मृती म्हणजे प्रामुख्याने शिकवणुकीचे आणि स्वतःच्या कर्तव्याचे भान, हे भाष्यकारांनी सांगितलेले आहे, आणि तिचा अर्थ घटनेच्या आठवणीपर्यंत ताणू नये. पण हे भान सुटले की घटनेची आठवणही विकृत होते, हे अनुभवाला धरून आहे. संतापलेला मनुष्य मारणाऱ्याचे नाव, त्याचा देश आणि त्याचा धर्म लक्षात ठेवतो, आणि मेलेल्यांची नावे मात्र त्याला सांगता येत नाहीत. रेल्वे स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत उत्तरेकडील गाड्यांची वाट पाहणारे मजूर होते, अनेक मुसलमान होते, स्त्रिया आणि मुले होती. हल्ल्याचा राग एखाद्या संपूर्ण समाजावर काढणारा मनुष्य त्या समाजातील मृतांना आपल्या स्मरणातून वगळतो, म्हणजेच १६६ जणांच्या यादीतून काही नावे स्वतःच खोडतो. क्रोधाने होणारा स्मृतिभ्रंश तो हाच.

मृतांच्या स्मरणाची जी रीत या प्रदेशात शतकानुशतके चालत आली आहे ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, ज्याच्या त्याच्या मृत्युतिथीला श्राद्ध करण्याची प्रथा आहे, परंतु चतुर्दशी हा दिवस शस्त्रादिहतांसाठी, म्हणजे शस्त्राने किंवा अन्य अपघाती कारणाने मृत्यू आलेल्यांसाठी, राखून ठेवलेला आहे. पंचांगात आजही त्या दिवशी तशी नोंद असते. या विधीची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. शस्त्राने मेलेला मनुष्य लढताना मेला की रांगेत उभा असताना मेला, असा भेद त्यात केलेला नाही. आणि विधीत मृताला उद्देशून पिंड आणि तिलोदक आहे, मारणाऱ्याला उद्देशून काहीही नाही. अकाली आणि हिंसक मृत्यूचे वेगळेपण परंपरेने मान्य केले, त्यासाठी वेगळा दिवस नेमला, पण त्या दिवसाला सूडाच्या संकल्पाचे रूप दिले नाही.

हीच दृष्टी दगडातही कोरलेली आढळते. पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ उभे असतात. बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथील प्राचीन मंदिरांच्या परिसरातही ते आहेत. वीरगळ म्हणजे लढताना धारातीर्थी पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्या खालच्या चौकटीत लढाई किंवा गोधनाचे रक्षण, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर हे स्मरण आचंद्रसूर्य टिकावे म्हणून चंद्र आणि सूर्य, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नसल्यामुळे शत्रू कोण होता हे आज कोणालाही सांगता येत नाही. उरले आहे ते एवढेच की गावासाठी किंवा गुरांसाठी कोणीतरी प्राण दिला. काळाने वैर पुसले आणि कृती राखली. अर्थात बहुतेक ठिकाणी वीराचे नावही काळाने पुसले आहे, ही या स्मरणपद्धतीची उणीव मान्य केली पाहिजे, आणि आधुनिक स्मारकांवर नावे कोरण्याचा आग्रह त्या उणिवेची भरपाई करतो.

स्मरणाचे हे शील कोण्या एका धर्माचे नाही. नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. त्यांच्या ज्यू परंपरेत मृत्यूच्या वार्षिक तिथीला दिवा लावून कद्दिश ही प्रार्थना म्हणतात, आणि या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नसून केवळ ईश्वराची थोरवी गायिलेली असते. इस्लाममध्ये शाबान महिन्यातील शब-ए-बरातला कबरस्तानात जाऊन गेलेल्यांसाठी दुवा मागण्याची रीत भारतात रूढ आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात नेमक्या त्याच दिवशी मशीद आणि बडा कबरस्तान यांच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे दगावली. मृतांचे स्मरण करण्यासाठी आलेली माणसेच तेथे मृतांत जमा झाली. दहशतवादाचा घाव माणसांच्या प्राणांबरोबर त्यांच्या स्मरणाच्या जागांवरही पडतो, हे मालेगावने दाखवून दिले.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. इस्रायली तत्त्वचिंतक अविशाय मार्गालिट यांनी स्मृतीच्या नीतिशास्त्रावरील २००२ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की स्मरणाचे कर्तव्य मुख्यतः दाट संबंधांत, म्हणजे कुटुंब, मित्र आणि स्वकीय समाज यांच्यात उद्भवते. साऱ्या मानवजातीशी असलेल्या विरळ संबंधांतून ते सहसा उद्भवत नाही, फक्त मानवतेचाच पाया उखडणाऱ्या घोर दुष्कृत्यांच्या बाबतीत ते सर्वांवर येते. या न्यायाने बारामतीतल्या कामगाराने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेलेल्या अनोळखी प्रवाशाचे स्मरण करण्याचे कारण दुर्बळ ठरते. परंतु श्राद्धपरंपरेचे उत्तर वेगळे आहे. माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्माला जे तर्पण करतात ते रक्ताचे नाते नसलेल्यांनीही करावयाचे असते, आणि नित्य तर्पणाच्या शेवटी ज्यांना पाणी देणारे कोणीच उरले नाही अशांसाठीही ओंजळ सोडलेली असते. स्मरण हे नात्यातून येते हे खरे, पण स्मरणातून नातेही निर्माण होते, अशी या विधींची धारणा दिसते. बारामती आणि इंदापूरच्या औद्योगिक वसाहतींत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले कामगार आहेत, आणि सणासुदीला तेही अशाच गाड्यांची वाट पाहत स्थानकांवर बसतात. तेव्हा तो प्रवासी तितकासा अनोळखी नाही.

दहा मारेकऱ्यांपैकी नऊ जण मारले गेल्यानंतर स्मरणाची सीमा दाखवणारा एक कठीण प्रश्न मुंबईत उभा राहिला. मरीन लाइन्स येथील बडा कबरस्तान चालवणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्या नऊ प्रेतांना दफनासाठी जागा देण्यास नकार दिला. निरपराधांची हत्या करणारा मनुष्य मुसलमान म्हणवून घेण्यास अपात्र आहे, अशी त्यामागची भूमिका होती. प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारात राहिली आणि अखेर जानेवारी २०१० मध्ये शासनाने अज्ञात स्थळी त्यांचे दफन केले. भारतीय परंपरेत मरणाबरोबर वैर संपते असा स्पष्ट निर्देश आहे. वाल्मीकी रामायणात राम तसे सांगूनच रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषणाला प्रवृत्त करतो, आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. मग ट्रस्टचा नकार या परंपरेशी विसंगत होता काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. प्रेताला माती मिळणे हा देहाचा प्रश्न आहे आणि ते कर्तव्य राज्याने पार पाडले. आपल्या पूर्वजांच्या शेजारी कोणाला जागा द्यावी हा समाजाच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि त्या समाजाने आपला निषेध या मार्गाने नोंदवला. देह मातीला मिळाला आणि खुणेचा दगड मिळाला नाही. मारेकऱ्यांच्या बाबतीत एवढा भेद न्याय्य मानता येतो.

क्रोधाला जागा नाही असे म्हटल्यावर शिक्षेचे काय, हा प्रश्न उरतो. क्षमा हे श्रेष्ठ मूल्य आहे, पण क्षमेचा अधिकार ज्याला घाव बसला त्याचाच असतो. मृत मनुष्य आता क्षमा करू शकत नाही आणि त्याच्या वतीने क्षमा करण्याचे कुलमुखत्यारपत्र त्याने कोणालाही दिलेले नाही. त्याच न्यायाने त्याच्या वतीने द्वेष करण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही. या दोहोंमधील जागा न्यायाची आहे. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत बंदूक धरून ठेवली म्हणून एक मारेकरी जिवंत सापडला, आणि तो जिवंत सापडला म्हणून खटला चालू शकला. त्याला वकील मिळाला, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशीची अंमलबजावणी झाली. इतका वेळ आणि पैसा का खर्चावा, अशी टीका त्या काळात झाली. फाशीच्या शिक्षेविषयी मतभेद असू शकतात, परंतु रीतसर खटल्याविषयी ते असू नयेत, कारण त्या खटल्यामुळेच त्या रात्रीचा वृत्तांत पुराव्यांनिशी नोंदला गेला. २६ नोव्हेंबरच्या दोन अर्थांची सांगड येथे बसते : ज्या संविधानाचा स्वीकार त्या तारखेला झाला त्यानेच त्या तारखेच्या गुन्ह्याला उत्तर दिले.

मात्र न्याय दर वेळी मिळतोच असे नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या स्फोटांच्या खटल्यातील बाराही आरोपींना उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले, त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाकडे गेले, आणि २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातही त्याच महिन्यात सातही आरोपी सुटले. अशा घटनांचे वार्षिक दिवस विशेष विचार करायला लावतात. क्रोधाला विषय लागतो, दोषी म्हणून बोट दाखवायला कोणीतरी लागते. दोषी सिद्ध झाला नाही की क्रोध एक तर विझतो किंवा भलत्याच माणसावर जाऊन पडतो. स्मरणाला त्याची गरज पडत नाही. खटल्याचा निकाल काहीही लागो, गाडीतून घरी न परतलेल्या माणसाच्या घरी तो दिवस पाळला जातोच. स्मरण आणि सूड या दोन भिन्न गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

मग स्मरणाने काय करावे? याचे उत्तर ग्रंथांपेक्षा काही माणसांनी आणि गावांनी अधिक नीट दिले आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील हुतात्मा पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांचे २०१४ साली निधन झाले तेव्हा कुटुंबीयांनी त्यांचे अवयव दान केले आणि शोकाच्या प्रसंगातून इतरांना आयुष्य मिळाले. इंदापूर तालुक्याच्या शेजारी, उजनी जलाशयापलीकडे, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात सुलतानपूर हे छोटे गाव आहे. तेथील राज्य राखीव पोलीस दलाचे तरुण जवान राहुल शिंदे ताजमहाल हॉटेलात शिरलेल्या पहिल्या पोलिसांपैकी होते आणि तेथे त्यांना वीरमरण आले. त्या गावाने आपले नाव राहुलनगर असे करून घेण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेण्यासाठी पाठपुरावा केला. बारामती, इंदापूर, दौंड आणि माढा या पट्ट्यात पहाटे रस्त्याने धावत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आजही दिसतात. त्यांच्यासाठी ते नाव हा खाकी वर्दीच्या अर्थाचा वस्तुपाठ आहे, आणि त्यात कोणाविषयीही वैर अनुस्यूत नाही.

ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटी जे पसायदान मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातील कुटिलपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी असे मागितले आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते आणि या वाटेवरच्या गावांत कीर्तनाची सांगता पसायदानाने होते, त्यामुळे ही मागणी येथे सर्वांच्या तोंडी आहे. ती भाबडी नाही. दुष्टपणा ओळखल्याखेरीज तो जावा असे म्हणता येत नाही, आणि ज्या समाजाला आपल्यावर झालेला आघात नीट आठवत नाही त्याला तो ओळखताही येत नाही. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी धर्म विचारून पर्यटकांना मारले गेले, महाराष्ट्रातील सहा जणांचा त्यात अंत झाला, आणि त्यांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही मारला गेला. या घटनेच्या स्मरणातून यांपैकी एकही बाब वगळली तर ते स्मरण राहत नाही, सोयीची गोष्ट होते.

स्मरणाचे कर्तव्य आहे, ते दूरच्यांवरही आहे, आणि क्रोध त्याला पोषक नसून मारक आहे, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय. त्याला आचाराचे रूप देणे अवघड नाही. २६ नोव्हेंबरला शाळांत, कार्यालयांत आणि कारखान्यांत संविधानाची उद्देशिका वाचली जाते. तिला जोडूनच त्या रात्री मेलेल्यांपैकी काहींची नावे, सर्व धर्मांची आणि सर्व प्रांतांची, मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याचे प्राण वाचवणाऱ्यांच्या कृती जशा घडल्या तशा सांगाव्यात, आणि मारणाऱ्यांची नावे न्यायालयाच्या निकालपत्रात राहू द्यावीत, कारण त्यांची योग्य जागा तीच आहे.